काळ्यातून काढलेले बापू

1930 साली दांडीयात्रा सुरू झाली आणि शांतिनिकेतनात चित्रकार नंदलाल बोस यांनी लिनोलियमच्या तुकड्यावर गांधीजी कोरले. हातात काठी, चालता देह, मागे नुसता काळा रंग.

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांपासून बनवलेलं, पाठीला तागाचं कापड असलेलं आच्छादन, मुळात जमिनीवर अंथरण्यासाठीचं. लाकडासारखे रेशे त्यात नसतात, म्हणून कोरणी कुठल्याही दिशेला सहज वळते. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. ठसा उलटा उमटतो, त्यामुळे अक्षरंही उलटीच कोरावी लागतात. एकदा निघालेला तुकडा परत बसवता येत नाही. कोरण्याआधी काय गाळायचं हे ठरलेलंच बरं.

नंदलालांनी बरंच गाळलं. गर्दी नाही, समुद्र नाही, मीठही नाही. काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेघा, एवढ्यावर माणूस ओळखू येतो आणि चालतोही. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठीही त्यांनी लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेले ठसे, केले. मुलांची पाटी आणि देशाचं आंदोलन, दोन्हींसाठी एकच माध्यम!

पुढे मुंबईत अंधेरीला राहणाऱ्या चित्रकार चित्तप्रसादांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोकटांची मालिका केली. हे माध्यम स्वस्त, आणि एका ठोकळ्यातून अनेक प्रती निघतात. लोकांपर्यंत पोचू पाहणाऱ्या चित्रकाराला ते भावलं यात नवल नाही.