पहिलं घर कुठल्या गावात?

घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. या दोन्हींत बाईचं सगळं आयुष्य गुंतलेलं असतं. गंमत अशी, की दोन्हींच्या बोलण्यांत तिला मात्र चहाचा ट्रे घेऊन येण्यापुरतंच बोलावलं जातं! लग्नाच्या बाबतीत आता पुष्कळ सुधारणा झाली. घराच्या बाबतीत अजून व्हायची आहे. यजमान भाव काढतात, मेहुणे बिल्डरशी बोलतात, बँकेतला ओळखीचा माणूस कर्जाचं बघतो आणि आपल्याला विचारतात, "ओटा काळा हवा की हिरवा?"

मैत्रिणींनो, ओट्याचा रंग मागाहून बदलता येतो. गाव बदलता येत नाही. म्हणून पहिलं घर घ्यायचं ठरलं की ते कुठल्या गावात, कुठल्या भागात, या प्रश्नावर आपण बोललंच पाहिजे. कारण त्या गावातला रोजचा दिवस आपल्याला काढायचा असतो.

तुम्ही साताऱ्याला असा, सोलापूरला असा की लातूरला, घराचा विषय निघाला की पुण्याचं नाव निघतंच. एके काळी पुणं म्हणजे पेन्शनरांचं गाव. मुंबईत नोकरी करायची आणि पुण्यात बंगली बांधून निवांत राहायचं, ही कितीतरी घरांची रीत होती. मुली शिकायला पुण्याला येत, त्याची परंपरा तर १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागेपर्यंत जाते. पुढे पिंपरी-चिंचवड-आकुर्डीला कारखाने आले, मग हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. आज पाहावं त्या घरातलं कुणी ना कुणी पुण्यात आहे. पण कुणी तरी तिथे आहे, एवढ्यावर जन्माची कमाई घालायची का? जरा बसून हिशेब करू या.

आधी दिवस मांडा

भाव विचारण्याआधी एक वही घ्या. एका पानावर पुणं, दुसऱ्यावर पिंपरी-चिंचवड, तिसऱ्यावर तुमचं आत्ताचं गाव लिहा. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर मनात असेल तर आणखी एक पान. प्रत्येक पानावर पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचा दिवस लिहून काढा. पाणी किती वाजता येईल? मुलांची शाळा किती लांब? यजमानांची कचेरी कुठे? तुमची नोकरी, शिकवण्या, शिवणकाम, जे काही तुम्ही करता किंवा पुढे करू इच्छिता, ते तिथे जमेल का? सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं झालं तर कशाने न्याल?

समजा, स्वस्त पडतो म्हणून गावाबाहेरचा ब्लॉक घेतला आणि कामावर जायला दीड तास, यायला दीड तास लागू लागला. दिवसाचे तीन तास झाले. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पंचाहत्तर तास, म्हणजे दिवसरात्र मिळून तीन दिवसांहून जास्त! तेवढे दिवस दर महिन्याला रस्त्यावर गेले, तर वाचलेले पैसे कशासाठी वाचवले? आणि घरी उशिरा पोचणाऱ्याच्या वाटची कामं कुणाच्या अंगावर पडतात, ते मी सांगायला नको.

लोकलच्या वाटेवरची गावं या हिशेबात कधी कधी बाजी मारतात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. यजमानांचं काम पिंपरी-चिंचवडला असेल, तर पुण्याच्या पेठांपेक्षा तळेगाव-देहूरोडकडचं घर दिवसाच्या वहीत सरस ठरू शकतं. उलट नोकरी बदलीची असेल आणि चार वर्षांनी गाव सुटणार असेल, तर आपल्याच गावातलं सासर-माहेराजवळचं घर बरं. पुण्याचं नाव मोठं, म्हणून आपली वही खोटी ठरवू नका.

शक्य असेल तर मनात आलेल्या भागात आधी वर्षभर भाड्याने राहा. मे महिना आणि जुलै महिना, हे दोन त्यात आलेच पाहिजेत. मे पाण्याची परीक्षा घेतो, जुलै जमिनीची.

पाण्याचं विचारल्याशिवाय उठू नका

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी. पिंपरी-चिंचवडला पवनेचं. हे ऐकून वाटतं, पाण्याला काय तोटा! पण धरणात पाणी असणं वेगळं आणि तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या नळाला येणं वेगळं. पिंपरी-चिंचवडला २०१९ साली दिवसाआड पाणी सुरू करावं लागलं. बाणेर-बालेवाडीकडे तर पाण्याच्या प्रश्नावरून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ थांबवल्या होत्या. हे भाग काही गरिबांचे नव्हेत! तेव्हा भाव जास्त म्हणजे पाणी जास्त, असं समजू नका.

महापालिकेची हद्द वाढली की जाहिरातीत 'पुणे शहर' असं मोठ्या अक्षरांत येतं. २०१७ मध्ये ११ गावं पुण्यात आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावंही आहेत. हद्द कागदावर एका दिवसात सरकते. जलवाहिनी तशी सरकत नाही. तोवर टँकर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जिथे महापालिकेचं पुरेसं पाणी नसतं, तिथे ते मिळेपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतो. पुढे सोसायटी झाली की तोच खर्च राहणाऱ्यांच्या गळ्यात येतो. म्हणून करारनाम्यात पाण्याबद्दल काय लिहिलं आहे, ते स्वतः वाचा. शिवाय शेजारच्या जुन्या इमारतीत जा. तिथली गृहिणी दोन मिनिटांत सांगेल, टँकर किती येतात आणि महिन्याला किती पैसे पडतात. विक्री कचेरीतला टापटीप मुलगा ते सांगणार नाही.

पाणी कमी पडतं तसं ते जास्तही होतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. तेव्हा उठलेली कितीतरी कुटुंबं सहकारनगर-पर्वतीकडे पूरग्रस्तांच्या वसाहतींत राहायला गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला आणि त्याच बाजूच्या सहकारनगर-अरण्येश्वर परिसरात घरांत पाणी शिरलं. नदी नव्हे, साधा ओढा! पुढे २५ जुलै २०२४ ला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांचे संसार भिजले.

म्हणून इमारतीच्या मागे ओढा आहे का, पूर्वी होता का, हे विचारा. नदीच्या नकाशावर एक निळी आणि एक लाल पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. आपली इमारत कुठे बसते, ते महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहता येतं.

'होणार आहे' आणि 'झालं आहे'

घर विकणाऱ्याच्या तोंडी एक शब्द सारखा असतो: 'होणार आहे'. रस्ता होणार आहे, शाळा होणार आहे, मेट्रो होणार आहे. खोटं बोलतात असं नाही, पण केव्हा होणार, याला आपल्या संसारात महत्त्व आहे.

पुण्याच्या मेट्रोचंच पाहा. पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली. पहिली गाडी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी अशी ६ मार्च २०२२ ला धावली. स्वारगेटला पोचायला २९ सप्टेंबर २०२४ उजाडलं. पायाभरणीच्या वेळी पहिलीत असलेलं मूल स्वारगेटची मेट्रो सुरू झाली तेव्हा नववीत होतं! तेव्हा आज जे डोळ्यांना दिसतं, त्याचेच पैसे द्या. पुढचं आलं तर आनंद आहे.

हाच नियम जमिनीलाही लावा. गावाबाहेर गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन सावकाश बांधू, असा मोह होतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अशा छोट्या तुकड्यांच्या व्यवहाराला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो, त्याचे नियमही वेळोवेळी बदलत आले आहेत. सातबारा वकिलाला दाखवल्याशिवाय विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका.

पन्नासचं घर सव्वाछप्पनला

आता पैशाकडे वळू. समजा, पुण्यात नव्या, चालू बांधकामातला पन्नास लाखांचा ब्लॉक ठरला. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, म्हणजे अडीच लाख. झाले ना छप्पन लाख तीस हजार! (पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना जीएसटी एक टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला मुळीच नाही.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज चाळीस लाख. उरलेले सव्वासोळा लाखांहून जास्त आपल्या हातचे हवेत. पडदे, पंखे, कपाटं अजून आलीच नाहीत.

व्याज साडेआठ टक्के धरलं, तर चाळीस लाखांचा वीस वर्षांचा हप्ता महिना ३४,७०० च्या आसपास बसतो आणि एकूण ८३ लाखांवर फेड होते. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता ३९,४०० च्या आसपास, पण एकूण फेड ७१ लाखांच्या आत. महिन्याला पावणेपाच हजार जास्त काढले, तर बारा लाख वाचतात. अर्थात हप्ता एका पगारात बसला पाहिजे. दोन पगारांवर ओढून-ताणून बसवलेला हप्ता पहिल्याच बाळंतपणात किंवा आजारपणात उलटतो. पुण्यात तो बसत नसेल आणि तुमच्या गावात बसत असेल, तर उत्तर तुमच्या वहीत आलंच आहे.

कागदावर कुणाचं नाव?

हातचे सोळा लाख कुठून येतात? थोडी शिल्लक, थोडा प्रॉव्हिडंट फंड, आणि बाकीचं पुष्कळदा आपल्या बांगड्या-पाटल्यांतून. स्त्रीधन कायद्याने आपलं. ते घरात घालायला कुणाची हरकत नाही, आपणच आनंदाने देतो. पण ते जिथे गेलं, तिथे आपलं नाव असावं, हे म्हणण्यात भांडण नाही की अविश्वास नाही. बँकेच्या पासबुकावर नाव असतंच ना?

आणि त्यात फायदाही आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांवर पन्नास हजार रुपये! असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये निघाली. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतलं तर मात्र ही सवलत नाही. सवलत नको असेल तर नको, पण मग दोघांचं नाव करारनाम्यातच घाला. "पुढे बघू" म्हटलेलं नाव पुढे कधीच लागत नाही.

निघताना पर्समध्ये ठेवा

घर पाहायला जाताना ही चिठ्ठी जवळ असू द्या:

१. महारेराचा नोंदणी क्रमांक. १ मे २०१७ पासून हा कायदा पूर्ण लागू आहे. संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी, मुदत, खटले सगळं दिसतं.

२. चटई क्षेत्र किती? 'सेलेबल', 'सुपर बिल्टअप' असे आकडे ऐकून घ्या आणि सोडून द्या.

३. नोंदणी केलेल्या करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. मागितली तर उठा.

४. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहा. जुनी सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं का, ते विचारा.

५. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. गळती दिसली की लेखी कळवा.

६. पुणे महापालिकेत स्वतः राहत्या घराला मिळकत करात चाळीस टक्के सवलत आहे. तिचा अर्ज भरायला विसरू नका.

७. एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री नऊला त्या रस्त्याने चालत जा. दिवे आहेत का, बसथांबा आहे का, एकट्या बाईला पाऊल उचलताना धाकधूक वाटते का, हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नसतं.

एवढं करून पुणं पसंत पडलं तर जरूर घ्या. गाव चांगलंच आहे. नाही पडलं तरी मन खट्टू करू नका. शेजारणीने पुण्यात घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, हे साडीच्या बाबतीत चालतं. वीस वर्षांच्या हप्त्याच्या बाबतीत चालत नाही. आज रात्री जेवणं उरकल्यावर वही काढा, यजमानांना समोर बसवा आणि पहिलं पान दोघं मिळून लिहा.