तिसरी पिन कशासाठी?

एप्रिल उजाडला की बीड जिल्ह्यात घरोघरी पत्र्याचा कूलर खिडकीशी येऊन बसतो. त्याचा प्लग असतो तीन पिनांचा आणि बोर्डाला भोके दोन. मग आपण काय करतो? वरची जाड पिन कापून टाकतो, नाहीतर उघड्या वायरी भोकात घालून काड्या खोचतो. कूलर फिरू लागतो आणि आपल्याला वाटते, भागलं! पण घरचा राखणदार आपण हाकलून दिलेला असतो.

त्या पिनेची तार एकीकडे कूलरच्या पत्र्याला आणि दुसरीकडे घराच्या अर्थिंगला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पट्टीला किंवा नळीला, जोडलेली असते. आतली वायर झिजून पत्र्याला टेकली, की वीज या तारेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. ही पिन लांब ठेवलेली असते, ती आधी टेकावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

आता मातीचे ऐका. ओली माती वीज वाहून नेते, कोरडी अडवते. बालाघाटच्या माळावरचा मुरूम उन्हाळ्यात ठणठणीत वाळतो. समजा, अर्थिंगचा रोध १०० ओहम झाला. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम २.३ अँपियर वाहतील. ५ अँपियरचा फ्यूज उडायचा नाही, आणि पत्र्यात वीज तशीच राहील. माणसाचा जीव जायला मात्र अँपियरचा दहावा हिस्सा पुरतो.

पाण्यावाचून परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली बंद ठेवावे लागले होते. विजेला पाणी लागते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तसेच ते अर्थिंगलाही लागते, बरं का! भांडी धुतलेले पाणी चालेल. उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओता.

शिवाय जाणत्या वायरमनकडून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. थोडी वीज गळाली तरी तो पुरवठा तोडतो. अर्थिंग नाही म्हणून तिसरी पिन न्यूट्रलला जोडू देऊ नका. न्यूट्रल तुटली की सारा पत्रा विजेने भारतो. कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. कुणी चिकटलेच, तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

आणि प्लग बसत नसेल तर बोर्ड बदला, पिन कापू नका.