फणीचा गंज आणि ताक्याचा डाग

पावसाळा जवळ आला की भिवंडीतील कारखानदार छपराचे पत्रे पाहून घेतात, गटार साफ करून घेतात. कोपऱ्यात पडलेल्या जादा फण्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी, माग आमचा नाही. पण फणीच्या गंजाची किंमत आम्ही मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही घेतलेल्या ग्रे मालात ताण्याच्या दिशेने बारीक पिवळट ठिपके होते. धुलाईत निघून जातील असे समजून माल प्रोसेसला दिला. परत आला तेव्हा काही ठिपक्यांच्या जागी भोके होती. प्रोसेसवाल्याने हात वर केले, कारखानदाराने कारागिराकडे बोट दाखविले आणि त्या गरिबाची मजुरी अडकली. कसूर गंजलेल्या फणीचा होता.

असे का होते? हायड्रोजन पेरॉक्साइडने कापड ब्लीच करताना जेथे लोखंडाचा अंश असतो तेथे क्रिया एकदम जोरात होते आणि सूत कमजोर होऊन तुटते. म्हणून गंजाचा डाग ग्रे मालातच पकडावा.

लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू पुरेसा असतो. हवेतील दमटपणा साधारण ६० टक्क्यांवर गेला की गंजाचा वेग वाढतो. त्यात मिठाची भर पडली की विचारूच नका. हे मीठ घामाच्या हातातून आणि खाडीच्या वाऱ्यातून येते. सायझिंगच्या खळीत मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार घातले असतील तर त्यातूनही येते.

कारखानदार बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) फणी मागावरून उतरली की दातांमधील खळ व रुई मऊ ब्रशने काढावी. नुसते रॉकेल लावून ठेवू नये; ते उडून जाते आणि लोखंड उघडे पडते.

२) फणी पूर्ण कोरडी करून मशीन तेलाचा पातळ हात द्यावा. तेल थापू नये, त्यावर धूळ बसते.

३) गोणपाट व पुठ्ठा ओल धरतात. त्याऐवजी मेणकागद किंवा व्हीसीआय कागद वापरावा. व्हीसीआय कागदातील द्रव्याची वाफ धातूवर बसून त्याचे रक्षण करते, म्हणून पुडके घट्ट बंद असावे. ओली फणी प्लास्टिकमध्ये बांधणे सर्वांत वाईट.

४) फण्या जमिनीपासून व भिंतीपासून दूर, मांडणीवर ठेवाव्यात. बंद पेटीत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असे समजावे; तापवून वाळविले की पुन्हा कामी येतात.

५) फणी पुन्हा चढविताना तेल नीट पुसावे आणि सुरुवातीचे हातभर कापड वेगळे काढावे. नाहीतर गंजाचा डाग टळेल आणि तेलाचा पडेल.

फणीच्या दातांवर खड्डे पडले असतील तर ती घासून चालवू नये. खरखरीत दातांनी ताण्याचे धागे तुटतात. स्टेनलेस स्टीलची फणी महाग पडते, पण दमट गावात ती परवडते.

पहिल्या पावसाआधी एक दिवस या कामाला द्यावा. मुख्य म्हणजे, फण्या नीट ठेवण्याची जागा मालकाने करून द्यायची असते. ती नसेल तर डागी ताक्याची मजुरी कारागिराकडून कापणे न्यायाचे नाही.