यंत्रघरातील उन्हाळा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या परिसरात मौदा हे गाव लागते. तेथील औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुरांडी दुरूनच दृष्टीस पडतात. एनटीपीसी या कंपनीच्या या केंद्रात चार संच असून त्यांची एकूण क्षमता २३२० मेगावॉट आहे. येथे कोळशाची भुकटी जाळून पाण्याची वाफ करतात. पाचशे अंशांहून अधिक तापलेली ही वाफ टर्बाइन फिरवते आणि वीज निर्माण होते. नळांवर उष्णतारोधक आवरणे असली, तरी बॉयलरजवळची हवा तापल्यावाचून राहत नाही.

त्यातून विदर्भाचा उन्हाळा! २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दुपारी शेतकरी झाडाच्या सावलीत विसावतो; परंतु वीजकेंद्राला विसावा नसतो. घरोघरचे पंखे याच दिवसांत अधिक फिरतात. त्या पंख्यांसाठी राबणाऱ्या माणसांचे रक्षण कसे करावयाचे?

मानवी शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. ते वाढू लागले की घाम येतो. माठातून पाझरलेले पाणी सुकताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. त्याचप्रमाणे घाम सुकताना शरीराला थंडावा मिळतो. दमट हवेत मात्र घाम सुकत नाही, तो नुसताच गळतो. यास्तव कामाच्या जागेची हवा तपासताना साध्या तापमापकाबरोबर ओले कापड गुंडाळलेला दुसरा तापमापकही वापरतात. हवा उष्ण असून दोहोंतील फरक कमी असेल, तर धोका अधिक समजावा.

आरंभी थकवा येतो, डोके दुखते, पायांत पेटके येतात. तरीही काम चालू ठेवले, तर शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन शुद्ध हरपते. हाच उष्माघात. अशा वेळी रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

हे संकट टाळता येते. गरम हवा बाहेर जाण्यासाठी वायुवीजन हवे. अवजड कामे शक्यतो पहाटे उरकावीत. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे पाणी प्यावे आणि अधूनमधून थंड जागी विश्रांती घ्यावी. उष्णतेची सवय होण्यास शरीराला एक-दोन आठवडे लागतात; म्हणून नवख्या कामगारावर पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकू नये. कोणीही एकट्याने काम करू नये. कारण भोवळ येणाऱ्याला स्वतःची अवस्था उमगत नाही, ती सोबत्यालाच आधी दिसते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय सक्तीची केली. पाणी, वारा आणि विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तर श्रमणाऱ्याचा हक्क होय. उष्णता मुकाट्याने सोसण्यात शौर्य नाही. वेळीच थांबण्यात आणि सोबत्याला थांबविण्यात खरे शहाणपण आहे.