वडिलांचे वय आणि शुक्राणूंतील गुणसूत्रे

शुक्राणूत २३ गुणसूत्रे असतात. ज्या पेशीपासून तो घडतो तिच्यात ४६, म्हणजे २३ जोड्या. अर्धसूत्री विभाजनात या जोड्या सुटतात. एखादी जोडी सुटलीच नाही, तर एका शुक्राणूत २४ आणि दुसऱ्यात २२ गुणसूत्रे जातात. निरोगी तरुणाच्याही शंभरातल्या एक-दोन शुक्राणूंत अशी चूक सापडते. एक्स आणि वाय यांची जोडी विशेष कच्ची, कारण ही दोन गुणसूत्रे टोकाच्या लहानशा भागापुरतीच एकमेकांना जुळतात.

शुक्राणूतील गुणसूत्रे इतकी घट्ट गुंडाळलेली असतात की ती थेट मोजता येत नसत. १९७८ मध्ये माणसाचे शुक्राणू चक्क हॅमस्टरच्या बीजांडात शिरवून ती प्रथम पाहण्यात आली. पुढे चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी एकेक गुणसूत्र खुणावण्याची पद्धत आली आणि हजारो शुक्राणू तपासणे शक्य झाले.

आईचे वय वाढले की डाऊन सिंड्रोमचा धोका वाढतो, तेव्हा वडिलांचेही तसेच असणार, असा तर्क सहज केला जातो. तो फारसा टिकत नाही. स्त्रीबीजाचे विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होऊन कित्येक वर्षे अर्ध्यावर थांबलेले असते. शुक्राणू मात्र सुमारे अडीच महिन्यांत नव्याने तयार होतो. डाऊन सिंड्रोममधले जादा २१वे गुणसूत्र दहांपैकी सुमारे नऊ वेळा आईकडून आलेले असते. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये (एक्सएक्सवाय) निम्म्या वेळा चूक वडिलांकडची असते, पण तिथेही वयाचा परिणाम असलाच तर थोडा. २२ ते ८० वर्षांच्या पुरुषांवरील २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात वयाबरोबर शुक्राणूंतील डीएनएची मोडतोड वाढलेली दिसली, गुणसूत्रांच्या संख्येतील चुका वाढल्या नाहीत.

वय खरे जाणवते ते डीएनएच्या नकलेत. वृषणातील मूळ पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात आणि प्रत्येक नकलेत एखादे अक्षर चुकू शकते. आइसलँडमधील २०१२ च्या संशोधनानुसार, वडिलांच्या वयातील प्रत्येक वर्षामागे अपत्यात सरासरी दोन नवी उत्परिवर्तने वाढतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, सगळीच नाहीत. अकॉन्ड्रोप्लेझिया हा खुजेपणाचा विकार शेवटच्या भावंडांत जास्त दिसतो, हे जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९१२ मध्येच टिपले होते. त्यामागचे उत्परिवर्तन जवळजवळ नेहमी वडिलांकडून येते. शिवाय ते झालेली मूळ पेशी शेजारच्या पेशींपेक्षा जोमाने वाढते, त्यामुळे वयाबरोबर असे शुक्राणू अधिकच होतात. गरोदरपणात केलेल्या गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत हा एका अक्षराचा बदल दिसत नाही. त्यासाठी त्या जनुकाची स्वतंत्र चाचणी करावी लागते.