नव्या मशीनवर वाकळ शिवताना

नांदेड-लातूरकडे जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ आता मशीनवरही शिवतात. नवी मशीन आणली की वरचा थर पुढे सरकतो, कडेला चुण्या पडतात आणि दोष मशीनला दिला जातो. माझ्या मते दोष जुळणीचा असतो. खालचे दात फक्त तळाचं कापड ओढतात, वरचं कापड मशीनच्या पायाच्या (प्रेसर फूटच्या) दाबाखाली अडतं. थर वाढले की हा फरक वाढतो. म्हणून पायाचा दाब कमी करा, टाका ३ ते ४ मिमी ठेवा, सुई १६ किंवा १८ नंबरची लावा. तळाला दोऱ्याचे फास दिसले, तर आधी वरचा दोरा नीट ओवलाय का ते पाहा, ताण मग वाढवा. तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर आधी शिवून बघाच!

काहीजण म्हणतात, जुनी काळी पायमशीन बरी होती. ती दणकट खरीच, पण तिचेही दात खालूनच ओढतात. वाकळ सपाट यायची ती आधी घातलेल्या हातच्या धावदोऱ्यामुळे, आणि तो नव्या मशीनलाही हवाच. वॉकिंग फूट नावाचा मशीनचा पाय वरचा थरही सोबत ओढतो. तो नसेल तर धावदोरा दाट घाला, शिवण मधून कडेकडे न्या.