मुळांवरचे जिवाणू आणि बाळाचे रक्त

शेतात टाकलेला सगळा युरिया पिकाला लागत नाही. उरलेल्यातला काही भाग नायट्रेट होऊन विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात झिरपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कालवले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखे निळी पडतात. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. म्हणून सहा महिने फक्त आईचे दूध द्या. ओठ निळसर दिसले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या.

पण मूळ प्रश्न शेतातला आहे. कमी युरियावर पिकेल असे बियाणे मिळेल का?

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, सिएरा मिहे डोंगरात, आदिवासी शेतकऱ्यांनी असा मका पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपला आहे. त्याची ताटे पाच मीटरपर्यंत वाढतात. खोडावरच्या हवेतल्या मुळांतून पावसाळ्यात चिकट, गोड द्रव गळतो. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या मक्याला २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळतो. हा मका तयार व्हायला फार महिने लागतात, म्हणून पैदासकार त्याचा हा गुण इतर मक्यात आणू पाहत आहेत. वाण जपणाऱ्या गावाला लाभाचा वाटा मिळावा, असा करारही झाला आहे. कष्ट ज्यांचे, हक्कही त्यांचा. तो करार कागदावरच राहू नये.

आपल्याकडे तूर, हरभरा हेच काम मुळांवरच्या गाठींतून करतात. फुलोऱ्याआधी एक रोप हळूच उपटा, गाठ कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागले आहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावंडाचा असतो!

पेरताना १० किलो बियाण्याला त्या त्या पिकाचे २५० ग्रॅम रायझोबियम चोळा आणि बियाणे सावलीत सुकवा. ज्या झाडांना दाणे चांगले, त्यांचेच बी पुढच्या वर्षाला राखा. आणि विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्या.